९२ टक्क्यांवर अडकलेली डीव्हीडी

आत्याला ७५ पूर्ण होणार होती आणि तिला काय द्यायचं यावर घरात बरंच बोलणं झालं, साडी नको भांडी नको सगळं आहे तिच्याकडे, शेवटी आईच म्हणाली अरे आप्पांच्या सहस्रचंद्रदर्शनाची कॅसेट आहे ना माळ्यावर, ती तिला बघता येईल असं कायतरी कर. आप्पा म्हणजे माझे आजोबा, आत्याचे वडील. कॅसेट १९९४ सालची, व्हीएचएस, त्यात होम आहे, ओवाळणी आहे, गुळाची तुला आहे आणि शेवटी आमच्या गावच्या भजनी मंडळाचं भजन, ज्यात आप्पा स्वतः टाळ घेऊन बसलेत. त्यांचा हलता-बोलता असा हा एकच पुरावा आमच्याकडे शिल्लक आहे.

आता कुणीही म्हणेल पेनड्राइव्हमध्ये टाकून दे. पण आत्या गावाला एकटी राहते, तिचा टीव्ही जुना, पिक्चर ट्यूबचा, त्याला लाल-पिवळ्या-पांढऱ्या वायरीनं डीव्हीडी प्लेअर जोडलेला, त्यावर ती कीर्तनाच्या डिस्क लावते. ट्रे उघडायचा, डिस्क ठेवायची, प्ले दाबायचं, एवढं तिला पक्कं येतं आणि त्यापलीकडे काही शिकवायचं माझ्या मनात नव्हतं. त्यामुळे डीव्हीडीच, आणि नुसती डेटा डिस्क नाही तर मेनू असलेली, प्लेअरमध्ये चालणारी खरी डीव्हीडी.

मला वाटलं दोन संध्याकाळचं काम आहे. पूर्वी विंडोज ७ मध्ये डीव्हीडी मेकर आयताच यायचा, विंडोज ८ पासून तो काढून टाकला, म्हणून मी एक विकतचं सॉफ्टवेअर घेतलं. नाव देत नाही, कारण पुढे जे झालं त्यातलं बरंचसं कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये होऊ शकतं. सव्वा महिना गेला. जे जे अडलं ते सगळं लिहून ठेवतोय कारण मला एकेका गोष्टीसाठी रात्र-रात्र घालवावी लागली.

साहित्य तीन प्रकारचं होतं. एक ही व्हीएचएस, १ तास ५० मिनिटं. दुसरी २००४ सालच्या आतेबहिणीच्या लग्नाची मिनी डीव्ही टेप, ६० मिनिटांची. आणि तिसरं म्हणजे घरातल्या सगळ्यांनी मोबाइलवर काढून पाठवलेले शुभेच्छांचे तुकडे, मिळून १२ मिनिटं. मी तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये ओढले, 'फिट टू डिस्क' केलं, बर्नच्या आधी आयएसओ इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच मोठी फाइल, बनवायला सांगितली आणि झोपलो. सकाळी बघतो तर इमेज बनवायच्या टप्प्यात ९२ टक्क्यांवर थांबलेलं, खाली नुसतं 'अननोन एरर'. परत लावलं, परत ९२. लॅपटॉप झोपला असेल म्हणून स्लीप बंद केलं, अँटीव्हायरस बंद केला, सॉफ्टवेअर काढून परत टाकलं, तरी ९२ ते ९२च.

तिसऱ्या वेळी डोकं चाललं की दरवेळी बरोब्बर त्याच जागी थांबतंय म्हणजे हे योगायोगानं होत नाहीये, कुठलीतरी मर्यादा आडवी येतेय. इमेज होणार होती साधारण ४६५ कोटी बाइटची. ती मी लिहीत होतो बाहेरच्या हार्डडिस्कवर, कारण लॅपटॉपमध्ये जागा नव्हती. त्या हार्डडिस्कवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघितल्या तर फॅट३२, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची जुनी पद्धत. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या पुढे जाऊच शकत नाही, नेमकं सांगायचं तर ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९५ बाइट. भागाकार करून बघा, ४६५ च्या ४२९, ९२ टक्के येतात! मी कॅल्क्युलेटरवर तो आकडा बघितला आणि खुर्चीतून उठलो. हार्डडिस्क रिकामी करून एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केली आणि इमेज पूर्ण झाली. तुमचं सॉफ्टवेअर दरवेळी एकाच टक्क्याला अडत असेल तर आधी डिस्कचा फॉरमॅट आणि टेंपररी फोल्डरवाल्या ड्राइव्हची जागा बघा, सॉफ्टवेअर काढून परत टाकण्याचा काही उपयोग नाही. जागा डिस्कच्या तिप्पट तरी मोकळी पाहिजे कारण एन्कोड केलेली फाइल वेगळी, प्लेअरला लागणाऱ्या व्हीओबी फाइलींचा फोल्डर वेगळा आणि इमेज वेगळी.

इमेज झाली, लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेअरमध्ये लावली आणि चेहराच पडला. आप्पांच्या चेहऱ्यावर चौकोन-चौकोन, होमाचा धूर म्हणजे नुसता करड्या ठोकळ्यांचा ढीग. तीन तासांहून जास्त फूटेज एका ४.७ जीबीत कोंबलं की सेकंदाला जेमतेम ३.४ मेगाबिट वाट्याला येतात, त्यात आवाज आला, मेनू आला. आणि व्हीएचएसला बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला मिळणारे हे बिट, उलट जास्त लागतो, चित्र जुनं म्हणून कमी नाही, कारण टेपवरची मुंग्यांसारखी वळवळ दर फ्रेमला बदलते आणि डीव्हीडीचं चित्र दाबणारं एमपेग२ बिचारं ती सगळी जपत बसतं. मग दोन डिस्क करायचं ठरवलं. पहिलीवर फक्त सहस्रचंद्रदर्शन, व्हिडिओ ५.२ मेगाबिट आणि आवाज एसी३ मध्ये १९२ किलोबिट. दुसरीवर लग्न आणि शुभेच्छा.

इथे दुसऱ्या डिस्कला मी अजून एक चूक केली, वेळ कमी आहे तर क्वालिटी फुल ठेवू म्हणून व्हिडिओ ९ मेगाबिट आणि आवाज पीसीएम, म्हणजे न दाबलेला. पीसीएम स्टिरिओ एकटाच १.५ मेगाबिट खातो आणि डीव्हीडीत सगळं मिळून १०.०८ च्या वर चालत नाही, त्यामुळे मक्सिंगला, म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र गुंफताना, बफर अंडरफ्लोचा एरर. आणि समजा ९ वर बसवलं असतं तरी घरी लिहिलेली डिस्क जुन्या प्लेअरवर इतक्या बिटरेटला अडखळते. ७ ते ७.५ ठेवा, डोळ्याला फरक दिसत नाही.

आता मुख्य दुखणं. आवाज.

सुरुवातीला सगळं बरोबर, ओवाळणीच्या वेळी घंटा हलते आणि तिचाच आवाज येतो. पण शेवटच्या भजनात आप्पांचे दोन्ही हात जवळ येतात, टाळ एकमेकांवर आपटतात, आणि आवाज तीन सेकंदांनी. ते बघवत नव्हतं. टाळ भलतीकडेच, तोंडं भलतीकडेच. मी अंदाज केला की आवाज हळूहळू मागे पडतोय, तेव्हा ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्राममध्ये चेंज टेम्पो वापरून अख्खा ट्रॅक तीन सेकंदांनी आखडला. शेवट जुळला! आनंदात होतो, पण मग मध्ये तुलेचा प्रसंग बघितला, ४७ व्या मिनिटाला, आप्पा एका पारड्यात बसलेत आणि दुसऱ्या पारड्यात गुळाच्या ढेपा चढतायत, शेवटची ढेप ठेवली की पारडं खाली टेकतं आणि सगळे टाळ्या वाजवतात. आता इथे टाळ्या पारडं टेकायच्या आधीच, सव्वा सेकंद आधी. म्हणजे आधी जे बरोबर होतं ते मी बिघडवलं होतं.

मग पहिल्यापासून बसलो, मूळ कॅप्चर, म्हणजे टेपवरून लॅपटॉपमध्ये घेतलेली पहिली फाइल घेऊन, दर पाच मिनिटांनी एक खूण शोधायची, टाळी, दाराचा आवाज, भांड्याचा आवाज, आणि फरक वहीत लिहायचा. तेव्हा कळलं की आवाज हळूहळू सरकतच नव्हता, तो तीन ठिकाणी उडी मारत होता. ४८ व्या मिनिटापर्यंत शून्य फरक, तिथून एकदम एक सेकंद, मग १ तास १२ मिनिटांवर अजून जवळपास दीड, आणि १ तास ३१ वर उरलेला अर्धा. त्या तिन्ही जागी चित्र आडवं फाटतं. टेप तिथे चुरगळलेली आहे, आणि माळ्यावर इतके पावसाळे काढल्यामुळे पांढरी बुरशीही धरली होती, ती एका ओळखीच्या व्हिडिओ शूटिंगवाल्याकडून साफ करून घेतली होती तरी चुरगळ कशी जाणार. अशा जागी सिग्नल तुटतो, युएसबीची कॅप्चर स्टिक तेवढ्या फ्रेम सोडून देते, पण आवाज दुसऱ्या वाटेनं येतो तो चालूच राहतो. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे तीन सेकंद म्हणजे ७५ फ्रेम गायब. चित्र तेवढं आखूड झालं आणि आवाज मागे राहिला.

उपाय मग सोपा निघाला. त्या तीन जागी आवाजात पण नुसती खरखरच होती, ऑडॅसिटीत जाऊन त्या खरखरीतूनच पहिल्या जागी एक सेकंद, दुसरीकडे दीड, तिसरीकडे अर्धा कापला. एक शब्दसुद्धा गेला नाही. म्हणून सांगतो, आवाज पुढेमागे होत असेल तर नुसता शेवट बघून ताणाताणी करू नका, मध्ये चार-पाच ठिकाणी मोजा. फरक सारखा वाढत असेल तर ताणायचं, उड्या असतील तर कापायचं. आणि शक्य असेल तर कॅप्चरच परत करा आणि ड्रॉप झालेल्या फ्रेमचा आकडा शून्य येतोय का बघा, मला ही टेप दुसऱ्यांदा चालवायची भीती वाटली म्हणून नाही केलं.

लग्नाच्या टेपचा आवाजपण सरकत होता पण त्याचं कारण वेगळंच. त्या काळच्या मिनी डीव्ही कॅमेऱ्यांत आवाजाचा १२ बिटचा मोड असायचा, त्यात आवाज ३२ हजार हर्ट्झला रेकॉर्ड होतो. डीव्हीडीला लागतो ४८ हजार. माझं सॉफ्टवेअर हे रूपांतर करताना कुठेतरी गडबडत होतं. आधीच बाहेर ४८ हजारची वेव्ह फाइल करून दिली, प्रश्न संपला. सीडीवरून घेतलेली गाणी ४४,१०० ची असतात, मेनूमागे सनई लावायची असेल तर तीही आधी ४८ हजार करून घ्या.

मोबाइलच्या तुकड्यांचं अजून तिसरंच. मोबाइल उजेडाप्रमाणे फ्रेमचा वेग कमीजास्त करतो, कधी ३० कधी २४, डीव्हीडीला आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत ठाम २५ पाहिजेत. हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या प्रोग्राममध्ये कॉन्स्टंट फ्रेमरेट २५ करून घेतलं. सगळे उभे काढलेले, त्याला इलाज नाही, दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या येऊ दिल्या.

इथपर्यंत आल्यावर मी कामाची पद्धतच बदलली. एकाच सॉफ्टवेअरला सगळं करायला सांगायचं नाही. एफएफएमपेग या रूपांतराच्या प्रोग्रामनं आधी प्रत्येक फाइल डीव्हीडीच्या मापाची करून घ्यायची, त्यात टार्गेट म्हणून पाल-डीव्हीडी दिलं की ७२० बाय ५७६, २५ फ्रेम, ४८ हजार आवाज हे सगळं आपोआप बसतं, बिटरेट तेवढा आपला द्यायचा. ती फाइल ऐकून-बघून घ्यायची. मग मेनू आणि डीव्हीडी बनवायला डीव्हीडीस्टायलर, ते फुकट आहे, त्यात फाइल टाकून फॉरमॅटच्या जागी कॉपी निवडायचं म्हणजे ते परत एन्कोड करत बसत नाही, दहा-पंधरा मिनिटांत फोल्डर तयार. मग इमेज. इमेज व्हीएलसीत बघायची. मग इमगबर्न या प्रोग्रामनं बर्न. कुठे बिघडलं ते लगेच सापडतं, नाहीतर पाच तास एन्कोडिंग झाल्यावर मेनूतली चूक दिसते आणि परत पाच तास.

मेनूचं सांगतो कारण हे फक्त आपल्यालाच भोगावं लागतं. पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये मी मेनूवर 'सहस्रचंद्रदर्शन विधी' असं टाइप केलं. स्क्रीनवर काय आलं तर स ला पाय मोडलेला, र वेगळा, चंद्र तुटून च-अनुस्वार, द ला पाय मोडून पुढे र, आणि 'विधी' मधली पहिली वेलांटी व च्या आधी न येता नंतर आली, म्हणजे ती ध च्या डोक्यावर जाऊन बसली. फॉन्ट बदलले, चार-पाच बदलले, तेच. दोष फॉन्टचा नाहीच, अक्षरं जोडायचं काम प्रोग्रामला येत नाही. आप्पांच्या कार्यक्रमाचं नाव असं मोडून-तोडून आत्याच्या समोर ठेवणं मला शक्यच नव्हतं. मग पूर्ण मेनू चित्र म्हणून बनवला, ज्या प्रोग्राममध्ये मराठी नीट उमटतं त्यात, आणि डीव्हीडीत तो बॅकग्राउंड म्हणून लावला, वर फक्त अदृश्य बटणं. दोन गोष्टी लक्षात ठेवा. चित्र ७६८ बाय ५७६ चं बनवा आणि मग ७२० बाय ५७६ ला दाबा, नाहीतर टीव्हीवर सगळं रुंदीला ताणलेलं दिसतं. आणि कडेपासून चांगला दहा टक्के जागा सोडून लिहा, पिक्चर ट्यूबचे टीव्ही कडा खातात, माझ्या पहिल्या मेनूतली 'लग्न' ही अक्षरं अर्धी टीव्हीच्या फ्रेमआड गेली होती.

मराठीचाच अजून एक फटका. मी फोल्डरला नाव दिलं होतं 'आप्पा', मराठीतच. फाइल टाकताना काही बोललं नाही, डीव्हीडी बनवताना मात्र सुरू होताक्षणी बंद, फाइल सापडत नाही म्हणे. सी ड्राइव्हवर इंग्रजी अक्षरांचं, मध्ये स्पेस नसलेलं छोटं नाव देऊन फोल्डर केला आणि चाललं. विंडोजचं युजरनेमच मराठीत असेल तर टेंपररी फोल्डरच्या पत्त्यातही ते येतं, तो पत्ता सेटिंगमध्ये बदलून घ्या.

बर्निंगला आधी रीरायटेबल डिस्क वापरली, चुकलं तर पुसता येते, फक्त काही जुने प्लेअर ती वाचत नाहीत. पहिल्या कोऱ्या डिस्कवर पॉवर कॅलिब्रेशनचा एरर आला. बाहेरचा युएसबी रायटर मी हबला लावला होता, लिहिताना लेझरला जास्त करंट लागतो तो हबमधून मिळेना, थेट लॅपटॉपला लावला, डिस्कही चांगल्या कंपनीच्या आणल्या, स्पीड १६ वरून ८ वर आणला. त्यानंतर एकही डिस्क वाया नाही. त्याआधी घाईत एकदा विंडोजनं विचारलं की डिस्क पेनड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी, मी पहिलं निवडून व्हिडिओ टीएस फोल्डर ओढून टाकला, लॅपटॉपवर मस्त चालली, टीव्हीच्या प्लेअरनं 'नो डिस्क' म्हटलं. प्लेअरला लागणारी फाइल सिस्टीमच वेगळी असते, हे लक्षात असू द्या. आणि डिस्कवर कागदाचा स्टिकर चिकटवू नका, फिरताना तोल जातो, मी मार्करनं मधल्या पारदर्शक कडीवर नाव लिहिलं.

हे सगळं झाल्यावर वाटलं संपलं. शेजारच्या काकांकडे जुना टीव्ही आहे तिथे तपासायला गेलो. काकू म्हणाल्या, "अरे हे असं थरथरतंय का?" वरातीचा सीन होता, घोडा पुढे येतोय आणि प्रत्येक पावलाला पुढे-मागे, पुढे-मागे. लॅपटॉपवर हे अजिबात दिसत नव्हतं. टीव्हीचं चित्र दोन अर्ध्या चित्रांचं असतं, त्यांना फील्ड म्हणतात, आधी एका आड एक ओळी, मग राहिलेल्या, त्यांचा क्रम उलटा झाला की हलणारी प्रत्येक गोष्ट अशी थरथरते. मिनी डीव्हीचा क्रम खालची फील्ड आधी असा असतो आणि मी एन्कोड करताना वरची आधी दिली होती. एक सेटिंग बदललं, परत एन्कोड, परत काकांकडे, घोडा सरळ चालायला लागला. लॅपटॉपवर कितीही छान दिसलं तरी एकदा पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर बघितल्याशिवाय पाच-दहा कॉप्या काढू नका.

न्यू जर्सीतल्या आतेभावासाठी तिकडच्या टीव्हीच्या एनटीएससी पद्धतीची वेगळी डिस्क करायचा विचार होता, तिकडचे बरेच प्लेअर पाल घेत नाहीत, पण २५ ची २९.९७ करताना चित्र मऊ आणि झटकेबाज होतं. त्याला म्हटलं तू कॉम्प्युटरवर बघ, व्हीएलसीला पाल काय नि एनटीएससी काय सारखंच. त्याला तीच डिस्क पाठवली.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी गावाला गेलो. आत्यानं स्वतःच ट्रे उघडला, डिस्क ठेवली. मेनू आला, 'सहस्रचंद्रदर्शन विधी' तिनं मोठ्यानं वाचलं. मी भजनाचा चॅप्टर लावून देऊ का विचारलं तर म्हणाली, "नको, पहिल्यापासून बघू दे, मला काय घाई आहे." पावणेदोन तास ती जागची हलली नाही. शेवटी भजन आलं, आप्पांनी हात उचलले, आणि माझं लक्ष चित्राकडे नव्हतंच, मी नुसतं ऐकत होतो. टाळ टेकले आणि त्याच क्षणी वाजले. आत्यानं रिमोट मांडीवर ठेवला आणि आप्पांबरोबर हळूच टाळ्यांचा ठेका धरला.